चढावर डॅशचा एसी गायब होतो? गॅस भरण्याआधी वारा कुठे जातोय ते बघा

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमची तक्रार हीच आहे का ते लगेच कळेल. सपाट रस्त्यावर मोटरहोमच्या डॅशबोर्डच्या जाळ्यांमधून छान गार वारा येतो. चढ लागला, अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला, की चेहऱ्यावरचा वारा मंदावतो आणि थोड्या वेळात बंदच होतो. पंख्याचा आवाज मात्र तसाच चालू. उतार लागला की कशालाही हात न लावता वारा परत. आणि गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्या मुलीसारखी थंडगार हवा देऊन आपल्याला खोटं पाडते.

आमच्या मोटरहोमने हा प्रकार सलग तीन उन्हाळे केला. आम्ही लॉस एंजेलिसजवळ राहतो. गाडी जुनी आहे, व्हॅनच्या चासीवर बांधलेली, पुढे पेट्रोल इंजिन, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग. इकडे हिला क्लास सी म्हणतात. पहिल्या उन्हाळ्यात गॅरेजवाल्याने गॅस भरून दिला, दुसऱ्या उन्हाळ्यात दुसऱ्या गॅरेजवाल्याने भरला, तिसऱ्या वर्षी नवऱ्याने दुकानातून डबा आणून स्वतःच भरला. प्रत्येक वेळी घरासमोर उभ्या गाडीत झकास कूलिंग, आणि पहिल्या मोठ्या चढावर पुन्हा तेच. दोन्ही गॅरेजवाल्यांना मी दोष देत नाही. त्यांची गॅरेजं सपाटीवर आहेत. आमचा रोग चढावरचा होता.

जून 2024 मध्ये सॅन होजेला उत्तर अमेरिकेच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन होतं. चार जण, दोन नऊवारी, एक पेटी आणि सासूबाईंचा लाडूंचा डबा असं सामान घेऊन निघालो. कॅस्टेक सोडलं की पाचव्या क्रमांकाच्या इंटरस्टेटवर टेहोन पासचा चढ सुरू होतो. खिंडीची उंची 4,144 फूट. बाहेर ऊन मी म्हणत होतं. नेहमीप्रमाणे वारा बंद झाला, नवरा नेहमीप्रमाणे म्हणाला, “गॅस गेला परत.” सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी कार्यक्रमाचा कागद डॅशवर काचेजवळ ठेवला होता. तो फडफडायला लागला आणि उडून त्यांच्या मांडीवर पडला. “अगं, वारा बंद कुठे झालाय?” त्या म्हणाल्या, “काचेवर जातोय सगळा.”

मी काचेच्या कडेला हात धरला. गार वारा. तीन वर्षांत आम्ही वारा किती गार आहे एवढंच बघत होतो, तो जातोय कुठे हे एकदाही पाहिलं नव्हतं.

तर तुमच्याकडेही पहिली तपासणी हीच करा. चढावर वारा बंद झाला की शेजारी बसलेल्याला समोरच्या काचेच्या बुडाशी आणि पायाशी हात धरायला सांगा. ड्रायव्हरने हे करू नये. वारा काचेवर जात असेल तर पुढचं सगळं वाचा. वारा समोरच्या जाळ्यांमधूनच येतोय पण कोमट आहे, असं असेल तर तो वेगळा आजार, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता असं का होतं ते. आमच्या गाडीच्या काळातल्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांमध्ये डॅशच्या आतल्या झडपा, म्हणजे वारा चेहऱ्याकडे, पायाकडे की काचेकडे पाठवायचा ते ठरवणारे पडदे, विजेवर नाही तर व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर हलतात. पेट्रोल इंजिन सतत हवा ओढत असतं. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असला की हवेची वाट जवळजवळ बंद असते, म्हणून इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, जोराची ओढ तयार होते. सिरिंजच्या तोंडावर बोट ठेवून दट्ट्या मागे ओढून बघा, तशी. समुद्रसपाटीजवळ, इंजिन नुसतं चालू ठेवून गाडी उभी असताना ही ओढ साधारण 17 ते 21 इंच पारा (व्हॅक्यूम मोजायचं माप) एवढी असते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की हवेची वाट सताड उघडते आणि ओढ शून्याजवळ येते. मोटरहोम म्हणजे पाच-सहा टनांचं घर. ते चढावर न्यायचं तर पाय तळापर्यंत जाणारच आणि तिथे बराच वेळ राहणार. छोट्या मोटारीला हा प्रसंग क्वचित येतो, आपल्याला प्रत्येक घाटात.

बनवणाऱ्यांना हे माहीत असतं. म्हणून इंजिनाकडून येणाऱ्या नळीवर एक चेक व्हॉल्व्ह असतो, आणि त्यापुढे व्हॅक्यूम साठवणारा प्लॅस्टिकचा डबा किंवा गोळा. इंजिनाची ओढ कमी झाली की चेक व्हॉल्व्ह मागची वाट बंद करतो आणि साठवलेल्या ओढीवर झडपा जागच्या जागी राहतात. साठा संपला, तर स्प्रिंग झडपेला ढकलून काचेकडची वाट उघडते. हे मुद्दाम केलेलं आहे. यंत्रणा बिघडली तरी काचेवरचं धुकं निघालं पाहिजे, ड्रायव्हरला घाम आला तरी चालेल.

म्हणजे चढावर वारा काचेवर गेला, याचा अर्थ साठा गळतोय. चेक व्हॉल्व्ह, डबा, नळ्या किंवा डॅशमधलं गोल बटण, यांपैकी कुठेतरी. एसीच्या गॅसचा यात काडीचा संबंध नाही.

खात्री करायला चढावर जायची गरज नाही. गाडी सपाटीवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना उटी म्हणजे ठोकळे लावा. इंजिन चालू, एसी चालू, वारा चेहऱ्याच्या जाळ्यांवर. मिनिटभराने इंजिन बंद करा आणि किल्ली पुन्हा फक्त ‘ऑन’वर आणा, स्टार्ट करू नका. पंखा बॅटरीवर फिरत राहील. आता वारा कुठे राहतो ते बघा. यंत्रणा धडधाकट असेल तर निदान काही मिनिटं तो समोरूनच येत राहायला हवा. आमच्याकडे दहा सेकंदांत डॅशच्या आत ‘फस्स’ झालं आणि वारा काचेवर गेला. घरासमोर, सावलीत, फुकट. तीन उन्हाळ्यांचं निदान दहा सेकंदांत.

रस्त्यावरच असाल तर आणखी सोपी खूण आहे. वारा काचेवर गेला की मागची वाहतूक बघून दोन-तीन सेकंद अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचला. वारा लगेच चेहऱ्यावर परत आला, तर शंभर टक्के व्हॅक्यूम. आम्ही सॅन होजेपर्यंत असंच गेलो. वाटेतल्या पाचेको पासला, जो जेमतेम 1,368 फुटांचा आहे, मी चार वेळा पाय उचलला. नंतर लसणासाठी प्रसिद्ध असलेल्या गिलरॉयला लसणाचा वास सुरू झाला तेव्हा तो समोरच्या जाळ्यांमधून आला, एवढं समाधान.

उंचीचा मुद्दा इथेच सांगते, कारण तो फसवतो. दर हजार फुटांमागे इंजिनाची ओढ सुमारे एक इंच कमी होते. समुद्रसपाटीला 19 इंच दाखवणारं इंजिन अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला, जवळजवळ 7,000 फुटांवर, 12 इंचांच्या आसपास येतं. बारीक गळती किनाऱ्यावर खपून जाते आणि डोंगरात उघडी पडते. “घरी चालतो, सहलीत बिघडतो” या तक्रारीचं निम्मं उत्तर यात आहे.

आता गळती शोधणं. यासाठी हाताने दाबायचा, मीटर असलेला व्हॅक्यूम पंप लागतो. अमेरिकेत मोटारीचे सुटे भाग विकणारी दुकानं अनामत घेऊन अशी अवजारं वापरायला देतात, विकत घ्यायची गरज नाही. इंजिन थंड असू द्या. क्लास सी मध्ये अर्धं इंजिन दोन सीटांच्या मधल्या उंचवट्याखाली असतं. इथले लोक त्याला डॉगहाऊस म्हणतात. त्याचे कुलपी पट्टे काढून झाकण आतून उचललं की बॉनेटमधून न दिसणाऱ्या नळ्या दिसतात. झाकण जड असतं, दोघांनी उचला.

सगळ्या नळ्या एकदम तपासू नका. यंत्रणा मधोमध विभागून बघा. डॅशकडे जाणारी मुख्य नळी, बहुतेक काळी, डब्याजवळून काढा आणि तिला पंप लावून 18-20 इंचांपर्यंत ओढा. काटा मिनिटभर हलला नाही, तर डॅश निर्दोष. गळती इंजिनाच्या बाजूला. काटा पडत गेला, तर डॅशमध्ये शिरावं लागेल: बटण प्रत्येक स्थितीला फिरवून बघा. एकाच स्थितीत काटा पडत असेल तर त्या स्थितीच्या झडपेचा रबरी पडदा फाटलाय. सगळ्याच स्थितींत पडत असेल तर बटणामागचं सील किंवा मुख्य नळी. झडपांच्या नळ्या रंगीत आणि बारीक असतात, कडक झालेल्या असतात; ओढू नका, तुटतात. मी एक तोडली.

मग डबा वेगळा करून त्याला पंप लावा. मग चेक व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंका. एका बाजूने वारा जायला हवा, उलट्या बाजूने अजिबात नाही. थोडा जातोय म्हणजे गेलेलाच समजा. शेवटी राहतात नळ्या आणि रबराचे कोपरे, आणि जुन्या गाडीत पैज लावायची तर मी यांच्यावरच लावीन. मोटरहोममध्ये हे जास्त होतं याचं कारण आहे. चासी एकजण बनवतो, घर दुसरा बांधतो, आणि घर बांधणारा जागा करायला बॅटरी, डबा, नळ्या इकडेतिकडे हलवतो. नळी मग पत्र्याला घासते, एग्झॉस्टजवळून जाते किंवा बॅटरीच्या ॲसिडच्या वाफेत राहते. आमची बॅटरीच्या मागे होती. रबराचा कोपरा बोटाने दाबला आणि वाळक्या चिंचेच्या सालासारखा फुटला. चेक व्हॉल्व्हही अर्धवट गळत होता. दोन्ही नवे, शिवाय तीन फूट नळी, मिळून पंधरा डॉलरच्या आत. तोडलेल्या रंगीत नळीला रबरी तुकड्याने जोड दिला.

डिझेलवाल्यांसाठी दोन ओळी. डिझेल इंजिनात अशी ओढ तयार होत नाही, म्हणून तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. मागे इंजिन असलेल्या मोठ्या, बससारख्या क्लास ए गाड्यांमध्ये तो कधी डॅशखाली छोटा विजेवरचा असतो. तो सतत गुणगुणत असेल तर गळती आहे. आणि तुमची व्हॅन अलीकडची असेल तर झडपा छोट्या विजेच्या मोटरींवर असतात, हे सगळं तुम्हाला लागू नाही. तिथे डॅशमागे टकटक ऐकू येत असेल तर मोटरचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक तुटलेलं असतं.

आमचा वारा जागेवर आला. पण जाळीत थर्मामीटर घातला, दही लावताना वापरते तोच, तर 58 अंश फॅरनहाइट. वाईट नाही, पण 45-48 यायला हवं होतं. इथे दुसरा चोर सापडला: हीटर. इंजिनाचं गरम पाणी हीटरच्या जाळीत जाऊ नये म्हणून नळीवर एक व्हॉल्व्ह असतो, आणि बऱ्याच गाड्यांत तोही व्हॅक्यूमवरच चालतो. ओढ नसेल तर तो उघडा राहतो. म्हणजे एसी हवा गार करतो आणि शेजारी हीटर तीच हवा तापवतो. मोटरहोममध्ये ही नळी कधी मागच्या हीटरपर्यंत किंवा पाण्याच्या गीझरपर्यंत नेलेली असते, म्हणून उष्णतेचा साठाही मोठा. तपासणी सोपी. एसी ‘मॅक्स’वर ठेवा आणि रबरी नळी चिमटवायचा चिमटा हीटरच्या आत जाणाऱ्या नळीला लावा. नळी भाजते, हातमोजे घाला. पाच-दहा मिनिटांत जाळीतलं तापमान दहाएक अंशांनी उतरलं तर व्हॉल्व्ह बदला. आमचा अर्धा उघडा अडकला होता.

‘मॅक्स’ म्हणजे जादा थंडी नव्हे, एवढंही इथे सांगून ठेवते. ‘मॅक्स’वर आतलीच हवा पुन्हा फिरवली जाते. तीही झडप व्हॅक्यूमवर असते, त्यामुळे ओढ गेली की 105 अंशांची बाहेरची हवा आत येऊ लागते.

आता दुसरी तक्रार: वारा समोरूनच येतोय, पण कोमट. चढावर काही सेकंदच असं होत असेल तर बिघाड नाही. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाचा संगणक ताकद वाचवायला कॉम्प्रेसरचा, म्हणजे एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाचा, क्लच थोडा वेळ सोडतो. इंजिन तापलं तरी सोडतो. टेहोन पास दक्षिणेकडे चढताना, ग्रेपवाइन नावाच्या चढाच्या पायथ्याशी, इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा अशी पाटीच लावलेली आहे. माझे वडील खंडाळ्याच्या घाटात फियाट थांबवून रेडिएटरवर पाणी ओतायचे. त्या पाटीजवळ मला दरवेळी ते आठवतात.

गाडी थांबली की कोमट, पळाली की गार, असं असेल तर गॅसकडे नाही, पुढच्या जाळीकडे बघा. एसीचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे असतो, त्यात किडे आणि धूळ बसते. त्यावर साध्या नळाने, जोर न लावता पाणी मारा. तेवढ्याने लगेच थंडी वाढली तर हवा कमी पडतेय: कंडेन्सर घाण आहे, रेडिएटरच्या पंख्याचा क्लच ढिला झालाय, किंवा कंडेन्सर आणि रेडिएटरमधला फोम झडलाय. तासाभराने, सगळं तापल्यावर एसी सुटतो आणि थंड झाल्यावर परत लागतो, असं असेल तर कॉम्प्रेसरच्या क्लचमधलं अंतर झिजून वाढलेलं असतं. अनेक कॉम्प्रेसरमध्ये एक बारीक वॉशर काढून ते कमी करता येतं.

गॅसबद्दल थोडक्यात, कारण सगळे इथूनच सुरुवात करतात आणि म्हणूनच फसतात. कॉम्प्रेसर दर काही सेकंदांनी टक-टक करत लागत-सुटत असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता खरी. इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी, बाहेर 80 अंश फॅरनहाइट असेल तर जुन्या गाड्यांच्या एसीतल्या 134ए गॅसचा दाब 87 पीएसआयच्या आसपास हवा. 90 ला सुमारे 104. खूप कमी असेल तर गळती आहे आणि ती शोधल्याशिवाय भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. पण दाब बरोबर आला म्हणजे प्रमाण बरोबर असं नाही, आत थोडा द्रव असला तरी दाब तोच दिसतो. नेमकं प्रमाण वजनावरच मोजायचं. घरी डब्याने भरताना गॅस सहज जादा होतो, आणि जादा गॅसने थंडी उलट कमी होते. कॅलिफोर्नियात त्या छोट्या डब्यावर 10 डॉलर अनामत असते, रिकामा डबा परत केला की मिळते. गळती बंद करणारं औषध मिसळलेले डबे घेऊ नका, ते पुढे गॅरेजच्या यंत्रात अडकतं आणि मग कोणी गाडीला हात लावत नाही. आणि भरायच्या तोंडाची प्लॅस्टिकची टोपणं हरवली असतील तर आजच आणा. बऱ्याच गाड्यांची “वर्षाला थोडा गॅस जातो” ही तक्रार तेवढ्याने थांबते.

परतीच्या प्रवासात दुरुस्ती झालेली नव्हती, म्हणून ग्रेपवाइनचा चढ आम्ही जनरेटर लावून छतावरच्या एसीवर काढला. तो घरासारखा 120 व्होल्टवर चालतो, इंजिनाशी त्याचा संबंध नाही. दोन पथ्यं पाळा: जनरेटरच्या धुराच्या बाजूच्या खिडक्या बंद आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू स्थितीत. पुढच्या सीटांमागे जाड पडदा टाकला की डॅशचा एसी पुढच्यांना आणि छताचा मागच्यांना पुरतो. डॅशच्या एसीकडून अख्खं घर गार होण्याची अपेक्षा ठेवू नका, ते त्याचं कामच नाही.

जुलैमध्ये दुरुस्ती केली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा टेहोन पास चढलो. सासूबाईंनी न सांगता एक कागद काचेजवळ ठेवला आणि खिंडीपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या. हलला नाही. बाहेरची हवा आत घेणारी झडप अजून शिट्टी मारते. तिथे पोचायला ग्लोव्ह बॉक्स काढावा लागतो, ते दिवाळीच्या सुट्टीत.